चार स्कॅनर आणि एक बेरीज

मुरबाडजवळच्या भेंडी संकलन केंद्रातला मोजणीचा प्रोग्राम मी लिहिला होता. चार बायका क्रेट स्कॅन करत आणि प्रत्येक वेळी डेटाबेसमधल्या एकाच ओळीतली बेरीज एकाने वाढे. एकीची नोंद चालू असली की बाकीच्या तिघी थांबत. त्यामुळे सकाळी दहाचा टेम्पो दोनदा एका शेतकरणीचे क्रेट न घेताच गेला. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "एका खडूनं चौघी कशा लिवतील, भाऊ? टाइम झाला का भेंडी माझीच ऱ्हाते."

मी ती ओळ काढून सिक्वेन्स, म्हणजे आपोआप पुढचा क्रमांक देणारा मोजक, लावला. आता प्रत्येक स्कॅन पुढचा क्रमांक उचलतो, कोणासाठी थांबत नाही. एखादा स्कॅन अर्धवट राहिला तर त्याचा क्रमांक मात्र वाया जातो.

दुसऱ्या सकाळी त्या शेतकरणीने पडद्यावर बोट ठेवलं. "मधला नंबर कोणी खाल्ला गो?"

"नंबर गेला, क्रेट नाय गेला," स्कॅन करणारी म्हणाली. "टेम्पो अंदाजे किती भरला तेवढं इथं दिसतं. तुझे नेमके क्रेट पावतीवर बघ."

तिने जुन्या रीतीने एकच्या जागी लाभ म्हणत, ‘लाभ, दोन, तीन’ करत आपले सहा क्रेट हाताने मोजले आणि टेम्पोत चढवले. दहाला पाच मिनिटं कमी होती.