रिकाम्या फुग्यातलं वाक्य

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. औषध कधी घ्यावं, कधी घेऊ नये आणि घेतल्यावर काय काय होऊ शकतं, ते त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. तो कागद कुणीही वाचत नाही. आपण खोकं उघडतो, कागद आडवा आला म्हणून वैतागतो आणि चुरगाळून फेकून देतो. एका छापखान्यात एक बाई मात्र हा कागद सोळा वर्षं शब्द न् शब्द वाचत होती आणि त्याचाच पगार घेत होती. तिला सगळे बारीकबाई म्हणत. अंगाने ती मुळीच बारीक नव्हती. अक्षरं बारीक होती.

तिच्यासमोर पूर्णविरामकाका बसत. काम दोघांनी मिळून करायचं असे. काकांनी गिऱ्हाइकाकडून आलेला मूळ मजकूर, म्हणजे कॉपी, विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची आणि हिने छापून आलेल्या प्रुफावर बोट फिरवत ताडून पाहायचं. काका घरीसुद्धा "चहा दे, पूर्णविराम" असं म्हणतात अशी अफवा होती. त्यांनी ती कधी नाकारली नाही. छापखान्याचा नियम एकच होता: कॉपीत आहे तेच प्रुफात हवं. कॉपीच चुकली असेल तर ते गिऱ्हाईक बघेल. शेवटी 'तपासलं' या चौकटीत आपली आद्याक्षरं टाकायची आणि पुढचा कागद घ्यायचा.

ही झाली पोटापाण्याची गोष्ट. तिचा जीव अडकला होता जपानी चित्रकथांत, मांगात, आणि त्यांच्यावरून निघणाऱ्या अॅनिमेत. "बेचाळिशी आली तरी कार्टून काय बघतेस?" हे तिने इतक्या जणांकडून ऐकलं होतं की आता ती नुसती मान डोलवायची. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपण ज्याला शेवटचं पान म्हणू तिथे त्याची सुरुवात असते. म्हणून तिच्या ब्लॉगचं नाव 'उलटं पुस्तक'. दर रविवारी एक लेख, अकरा वर्षांत एकही रविवार चुकला नाही. वाचक चाळीसेक, आणि त्यातला एक ती स्वतःच असावी, दुसऱ्या फोनवरून.

शिवाय ती कथा लिहायची. नऊ कथा मासिकांना पाठवल्या, नऊही साभार परत आल्या. "आपली भाषा स्वच्छ आहे, परंतु" असं एका संपादकांनी लिहिलं होतं, आणि त्या 'परंतु'च्या पुढे पानभर मजकूर होता. तिची इच्छा काही फार मोठी नव्हती. आपलं एखादं तरी वाक्य कुणाच्या लक्षात राहावं आणि ते आपलं आहे हे त्या माणसाला ठाऊक असावं, एवढंच तिला हवं होतं.

गंमत अशी की असं वाक्य तिने लिहिलेलं होतं.

तेरा वर्षांपूर्वी चार हौशी मंडळी मिळून मांगा आपल्या भाषेत आणून इंटरनेटवर टाकत. एकजण पानं स्कॅन करी, दुसरा संवादाच्या फुग्यांतली जपानी अक्षरं पुसून काढी (त्याला सफाईवालाच म्हणत), तिसरी नवी अक्षरं बसवी, आणि भाषांतर हिचं. दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती जपानी शिकली होती. हे सगळं विनापरवानगी, त्यामुळे कुणी आपलं नाव टाकत नसे. कथा होती छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बहीणभावाची. सातव्या भागाच्या शेवटी भाऊ घर सोडून जातो आणि बहीण दारात उभी राहते. जुन्या बाजारातून आणलेल्या त्या प्रतीच्या आधीच्या मालकाने नेमका त्याच पानावर चहाचा कप ठेवला होता. बहिणीच्या तोंडच्या फुग्यावर तपकिरी डाग पडला होता आणि त्याखाली काय होतं ते काही केल्या दिसेना.

"तूच भर काहीतरी," सफाईवाला फोनवर म्हणाला. "आज संध्याकाळी टाकायचंय. लोक डोक्यावर बसलेत."

त्याच आठवड्यात तिचा स्वतःचा धाकटा भाऊ वडिलांशी भांडून घरातून गेला होता. आई दाराला कडी लावू देत नव्हती. दिवसभर दार वाऱ्याने आपटत होतं आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं. तिने लिहिलं, "मी दार लावणार नाही. तू नाही आलास तरी वारा येईल." पाच मिनिटंही लागली नसतील.

भाऊ आला नाही. वडील गेले तेव्हाही नाही. वाक्य मात्र घरोघर गेलं. लोकांनी ते फोनच्या कव्हरवर छापलं, भिंतीवर रंगवलं, दंडावर गोंदवलं. खाली नाव अर्थातच त्या जपानी चित्रकाराचं. रस्त्यात कुणाच्या पिशवीवर ते दिसलं की ती दोन पावलं त्या माणसाच्या मागे चालत जाई आणि मग वळून आपल्या वाटेला लागे.

यंदा त्या कथेचं रीतसर, परवानगीचं भाषांतर आलं. तिच्या बहिणीची मुलगी शिकायला या मायलेकींकडे राहत होती. तिने सातवा भाग विकत आणला आणि चपला न काढताच थेट शेवटचं पान उघडलं.

"मावशी! वाक्यच नाहीये गं!"

फुगा पांढराशुभ्र होता. भाषांतरकाराने खाली टीप दिली होती: मूळ पुस्तकातही तो तसाच आहे. चित्रकाराने त्या बहिणीला एक शब्दही दिला नव्हता. डागाखाली काहीच नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खालून आनंद उसळून आला. म्हणजे ते वाक्य सगळंच्या सगळं तिचं होतं.

बाहेर चाहते खवळले होते. टीप खोटी आहे, प्रकाशकाने वाक्य गाळलं, भाषांतरकार नालायक आहे, असा गदारोळ उठला. एरवी ती गप्प बसली असती. पण त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"ते वाक्य माझं आहे," ती भाचीला म्हणाली आणि डागापासून सगळं सांगितलं.

भाची आधी हसली. मग मावशी हसत नाहीये हे पाहून तिच्याजवळ येऊन बसली. "मावशी, तू लिहितेस ते चांगलंच असतं. मी वाचते ना अधूनमधून. पण हे वेगळं आहे गं. तुझ्या लिहिण्यात असं काही नसतं."

पोरगी मनाने चांगली होती, म्हणूनच ते फार लागलं.

तिने सफाईवाल्याला फोन केला. तो आता एका मोठ्या कंपनीच्या कायदे विभागात होता. "मला यात ओढू नकोस," तो म्हणाला. "सगळं बेकायदा होतं ते. आणि खरं सांगू? मला आठवतही नाही." बाकीच्या दोघांचा पत्ता लागला नाही. जुना संगणक कधीच भंगारात गेला होता.

तरी रविवारी तिने ब्लॉगवर सगळं लिहिलं. चहाचा डाग, फोन, भाऊ, आईची कडी. आयुष्यात इतकं सरळ ती कधीच लिहू शकली नव्हती. चाळीसच्या जागी हजारो लोक आले. "पुरावा दाखवा." "मोठ्या कलाकाराचं श्रेय लाटायला लाज वाटत नाही?" "बाई, उपचार घ्या." हे सगळं तिने मन घट्ट करून सोसलं. पण एका बाईने लिहिलं होतं, "माझ्या मुलाला शेवटचा निरोप देताना मी हे वाक्य वाचलं होतं. ते कुणीतरी घाईत भरलेलं असेल, तर कृपा करून मला सांगू नका."

ते वाचून तिने लेख काढून टाकला. पुढच्या रविवारी काही लिहिलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चाळिसातल्या कुणीही विचारलं नाही.

महिन्याभराने छापखान्यात पुस्तकाचं काम आलं. औषधांच्या कागदांतून यंत्रं मोकळी असली की मालक अशी कामं घेत. पूर्णविरामकाकांनी गठ्ठा सोडला. वर लिहिलं होतं: सातवा भाग, दुसरी आवृत्ती, वाचकांच्या आग्रहास्तव सुधारित.

काका वाचत गेले, तिचं बोट फिरत गेलं. अनोळखी अक्षरांवरून फिरावं तसं ते शेवटच्या पानापर्यंत आलं.

"मी दार लावणार नाही, पूर्णविराम," काका वाचत होते. "तू नक्की येशील, पूर्णविराम."

तिचं बोट थांबलं. प्रुफातही तेच होतं. वारा कुणीतरी काढून टाकला होता. फुगा लहान पडला असेल, किंवा लोकांना असं जास्त आवडेल असं कुणाला वाटलं असेल.

"काका, कॉपी चुकलीय."

"तुला कसं ठाऊक?"

काका चष्म्यावरून बघत होते. चांगला माणूस. त्यांनाही सांगितलं असतं, तर त्यांनीही आधी हसून मग खुर्ची जवळ ओढली असती. तिला आईची आठवण झाली. या थंडीपासून आईने रोज संध्याकाळी दाराला कडी लावायला सुरुवात केली होती. दार आपटलं की सारखं उठवत नाही, गुडघे दुखतात, म्हणाली होती. तेरा वर्षांनी. तिने आणि भाचीने ते ऐकलं आणि ताटं घेतली.

"वाटलं," ती म्हणाली.

"वाटण्यासाठी चौकट नाही गं इथे," काका म्हणाले. "बरोबर आहे का, तेवढं सांग."

"कॉपीप्रमाणे बरोबर," ती म्हणाली, आणि 'तपासलं'च्या चौकटीत तिने आपली आद्याक्षरं टाकली.