सीडीवरची फुली

"हे ॲप तपासलेलं नाही, तरी टाकायचं का?" असं मोबाइलनं विचारलं, की मला माझ्या लग्नाची सीडी आठवते. कापसाच्या पडत्या वर्षांत यवतमाळला लग्न आटोपशीरच झालं, पण शूटिंग हवंच होतं. सासूबाई उमरखेडला अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि लेकीचं लग्न त्या टीव्हीवरच बघणार होत्या. स्टुडिओवाल्यानं गुलाबपाकळ्यांचा एक इफेक्ट नागपूरच्या मित्राकडून फुकट आणून मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. तो निघाला नमुन्याचा, विकत घेतला नाही तर चित्रावर भली मोठी फुली मारणारा. सीडी न बघताच त्यानं आमच्या हातात दिली, आणि मूळ शूटिंगच्या कॅसेटवर तोवर दुसरं लग्न चढलं होतं, म्हणजे नवी सीडी निघणार नव्हती. उमरखेडला सीडी लावली, तर फुली आम्हा दोघांच्याही तोंडावर. माझ्या तोंडावरची कोणालाच खटकली नाही. सासूबाई मात्र कळवळल्या, "माह्या पोरीच्या तोंडावर फुली कायले मारली?" मेव्हण्यानं तिथूनच फोन लावला. "सॉफ्टवेअरच्या कंपनीनं तपासाले पाह्यजे, नाहीतर देणाऱ्यानं सांगाले पाह्यजे," स्टुडिओवाला म्हणाला. "अन् तू काहून नाही पाह्यलं?" मेव्हणा ओरडला. इकडे सासूबाई मला म्हणाल्या, "जावाईबापू, काच पुसा ना जरा." मी नव्या शर्टाच्या बाहीनं काच पुसली, फुली तिथंच. "हार घालताना हसून राह्यली होती ना पोरगी?" "हो जी, हसून राह्यली होती." खरं तर हार घालताना माझं सगळं लक्ष बुटांवर होतं, साळ्या पळवतील म्हणून. सासूबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या. हार घालताना ती खरंच हसत होती का, हे बायकोला विचारायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.