वैशीची शाळा मी बदलली

आधी माफी मागतो. लिहिणं हे शिकलेल्या माणसांचं काम आणि मी अजून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मीच, त्यामुळे माझं चुकलं तर सांगायलाही घरात कुणी नाही. तरी लिहितोय, कारण आमच्या वस्तीतली महापालिकेची शाळा बंद पडली आणि ती मी पाडली. (भिंती शाबूत आहेत. तेवढं जमलं नाही.)

गावाकडं, पाचोडला, आमची विहीर आटली त्या साली आम्ही शहरात आलो आणि जालना रोडच्या अलीकडं, नव्या इमारतींच्या मागं, पत्र्याच्या खोलीत राहायला लागलो. त्या इमारतींवर आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, विटा वाहिल्या. इमारतींच्या टाक्या भरायला टँकर रोज यायचे. आमच्या वस्तीत मात्र त्यांना वाटेल तेव्हा.

धाकटी बहीण वैशी चौथीत होती. अक्षर कसं, मोत्यासारखं! पाहुणा आला की पाण्याच्या आधी आबा त्याला बाहेरच्या पत्र्यावर वैशीनं खडूनं लिहिलेलं दाखवायचे. "बघा, पोरगी कलेक्टर व्हती का नाय." पाहुणा मान डोलवायचा. आबांना वाचता येत नाही, पाहुण्यांनाही बहुतेक येत नसे. कॉलेजला लागल्यावर एकदा मी ते नीट वाचलं. लिहिलं होतं : "फळा पुसू नये. सर मीटिंगला गेले आहेत."

"वैशे, हे काय लिहिलंस?"

"फळ्यावर व्हतं ते."

"वाच बरं."

ती हसली. "वाचायचं नसतंय दादा. उतरून घ्यायचं असतंय."

चौथीतली पोरगी, आणि तिला 'फळा'तला 'फ' ओळखता येत नव्हता!

तिचे पाठक सर म्हणजे सगळ्या वर्गांना मिळून एकच माणूस. मतदार यादी त्यांच्याकडं, जनगणना त्यांच्याकडं, खिचडीचे तांदूळही त्यांच्याकडं. माणूस वाईट नव्हता. (वाईट वागायला तरी माणूस शाळेत असावा लागतो!) मग शाळेची तपासणी झाली आणि आमची शाळा नापास झाली. पोरांना नापास करायचं नाही असा नियम तेव्हा होता. शाळेला तो लागू नसावा. पालकांची सभा भरली. शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले.

"पालकहो, तुमच्यापुढं तीन मार्ग आहेत. एक, मूल दुसऱ्या शाळेत घाला. दोन, इथंच ठेवा आणि जादा तासाला बसवा. आणि तीन..."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला!

वर्गात नुसती धूळ राहिली. साहेबांची तीन बोटं तशीच वर. माय तर बाकावरून उडी मारून गेली. एरवी तिचे गुडघे दुखतात. तिसरा मार्ग ऐकायला मी तरी थांबायचं, पण हंडे उचलायला मीही पळालो.

रांगेत मला स्फुरण चढलं. कॉलेजात नुकतंच नागरिकांच्या हक्कांवर शिकवलं होतं. मी एका पालथ्या ड्रमवर चढलो. "बंधू-भगिनींनो! चांगली शाळा हा आपला हक्क आहे! जालना रोडपलीकडच्या महापालिकेच्याच शाळेत पोरं इंग्रजी कविता म्हणतात! आपण सगळ्यांनी पोरं तिकडं घालू!"

"आरं, उतर की खाली," माय ओरडली, "माझा नंबर आलाय!"

"बोलने दे ना भाभी," शेजारच्या नसीम चाची म्हणाल्या, "पढ़ेला बच्चा है. बस बेटा, पाइप पर का पाँव हटा ले."

मी पाय हटवला. पाणी आलं, टाळ्या पडल्या. टाळ्या पाण्याला होत्या हे मला फार उशिरा कळलं. पण शिकलेला पोरगा सांगतोय म्हटल्यावर वस्तीनं ऐकलं. नव्या सत्रात झाडून सगळी पोरं पलीकडं! रोज सकाळी आयांची रांग जालना रोड ओलांडायची, हात वर करून, ट्रक थांबवत.

मग एका संध्याकाळी पाठक सर घरी आले. मायनं टँकरच्या पाण्याचा चहा केला.

"अंकुश, थोडी पोरं तरी परत पाठवा," सर म्हणाले. "पटावर कुणीच नसलं तर शाळा जाईल."

"सर, पोरांच्या भविष्याचा प्रश्न आहे," मी म्हणालो. (हे वाक्य मी पाठ केलं होतं.)

"बरोबर आहे तुझं. साहेबांचा तिसरा मार्ग ऐकलास का? सगळ्या पालकांनी मिळून अजून एक मास्तर मागायचा, असा होता. मी एकटाच मागतोय केव्हाचा." त्यांनी चहा संपवला, कप स्वतः विसळायला निघाले, पिंपातलं तळाला गेलेलं पाणी बघून त्यांनी तो तसाच ठेवला.

माय नंतर म्हणाली, "एवढी भाषणं ठोकलीस, त्यापेक्षा पोरीला घरी बसून चार अक्षरं शिकवली असती तर?"

"माय, तो व्यवस्थेचा प्रश्न आहे," मी म्हणालो आणि अभ्यासाला लायब्ररीत गेलो.

शाळा बंद झाली. आवारात आता टाकी बसवलीय, टँकर तिथंच रिकामा होतो. वस्ती खूश! आबांनी वैशीला नव्या शाळेचा गणवेश घालून पाहुण्यांसमोर उभं केलं. ती बाराखडीपर्यंत आली होती. 'फ' ओळखायची. मी कॉलेजात दोघातिघांना सांगितलं की सामाजिक बदल असा होतो.

आणि सहामाहीनंतर वैशी पळत घरी आली. दप्तर टाकायच्या आधी ओरडली, "दादा, आपले सर आले!"

"कोणते सर?"

"पाठक सर! आता आमच्या वर्गाला हायेत!"

शाळा बंद झाली की मास्तर जास्तीचा ठरतो, आणि जिथं पोरं वाढलीत तिथं त्याला धाडतात. तिथं पोरं कुणी वाढवली? आम्ही! सरांसाठी जागा मीच तयार केली, ड्रमवर उभा राहून.

"शिकवलं काय आज?" मी घाबरत विचारलं.

वैशीनं खडू घेतला आणि पत्र्यावर मोत्यासारखं लिहिलं : "फळा पुसू नये."

मग तिला आठवलं. "सरांनी तुला निरोप दिलाय. ह्या शाळेची बी तपासणी हाय म्हणं. दादाला विचार म्हणले, पुढं कोणत्या शाळेत जायचं ठरवलंय? म्हंजे सरांना सामान बांधायला बरं."