चतुराचं तिकीट

आमच्या ह्यांच्यावर गल्लीत कुणाचा विश्वास नव्हता, माझा तर मुळीच नव्हता. ह्यांचं नाव मुकुंदराव, बांधकाम खात्यात नक्शानवीस, नकाशे काढायचे. सुलतान बाजारातली बाकीची माणसं कचेरी सुटली की घरी येत. हे मीर आलम तलावावर जात आणि धोतराला चिखल लावून परत येत. विचारलं तर म्हणत, "चतुर बघत होतो." अहो, चतुर! शेपटीला दोरा बांधून पोरं उडवतात ते! लग्न झालेला बाप्या रोज संध्याकाळी चतुर बघायला जातो, हे कोण बायको ऐकून घेईल?

मग कळलं, खरंच चतुर. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कागदावर हे ते रंगवत: लाल, हिरवे, पंखांवर काळे पट्टे असलेले. कडेला सुईने भोकं पाडायची, कोपऱ्यात किंमत घालायची, की झालं हुबेहूब तिकीट. "सरकार देवळं छापतं, यंत्रं छापतं. आपल्या तलावातल्या चतुरांनी काय घोडं मारलंय?" असं म्हणायचे. शेजारच्या सुशीलाबाईंनी मला हळूच विचारलं, "खोटी तिकिटं करतात का हो तुमच्याकडे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साल छप्पन्न. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार, मराठी नोकरदारांना औरंगाबादकडे धाडणार, अशी बोलवा होती. ह्याने कुठलं गाव मागितलं, त्याने कुणाचा वशिला लावला, म्हणून जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघे. माझा जीव आईत अडकला होता. ती कोठी मोहल्ल्यात एकटी, गुडघे गेलेले, मी एकुलती एक. शहर सोडायला ती तयार नव्हती. ह्यांनी मला शब्द दिला, "हैदराबादच मागतो." अर्ज माझ्यासमोर लिहिला, पाकिटात घातला. मी त्याच दुपारी जाऊन आईला सांगून आले, घोर लावून घेऊ नकोस म्हणून.

आणि हुकूम आला तो औरंगाबादचा! पाठोपाठ ते पाकीटही परत आलं. नॉटपेड, म्हणजे टपालखर्च न भरलेलं. दंड भरून ते घ्यायला वरच्या कचेरीने नकार दिला होता. तिकिटाच्या जागी लाल चतुर चिकटवलेला.

माझं डोकंच फिरलं. "हे तुमचंच काम! तिकडचे तलाव बघायचेत ना? मग सरळ सांगायचं होतं, माझ्या म्हाताऱ्या आईला कशाला फसवलंत?"

हे पाकिटाकडे बघत राहिले. मग आतल्या खोलीकडे बघितलं. तिथे माझे सासरे, आबासाहेब, झोपले होते. "हो, मीच लावलं," हे हळूच म्हणाले. "घाईत चूक झाली."

घाईत! आपल्या हाताने रंगवलेलं न ओळखायला काय आंधळे होते? त्या दिवसापासून मी ताट वाढायची, बोलायची नाही. ह्यांनी दुसरा अर्ज दिला, कचेरीत खेटे घातले, पण मुदत टळली होती. मला ते खेटेसुद्धा नाटकच वाटले.

निघायच्या दिवशी आई रिक्षातून निरोप द्यायला आली. हे ट्रंकेला दोरी बांधत होते. आबासाहेब खुर्चीवर बसले होते. त्यांची सगळी हयात निजामाच्या कचेरीत उर्दू तिकिटं लावण्यात गेली. ती बंद होऊन हिंदुस्थानची आली, तेव्हापासून प्रत्येक नवं चित्र बघून ते चक्रावत.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या अर्जाला तिकीट मीच लावलं होतं बरं का. मुकुंदाच्या टेबलावर पडलं होतं. म्हटलं, सरकारने आता चतुरही काढला! काय देखणा होता! पेटीतही मीच टाकून आलो. पोचलं ना वेळेवर?"

मी जागच्या जागी उभी राहिले. ह्यांनी दोरी सोडून माझ्याकडे बघितलं आणि मानेनेच नको म्हणाले. बापाला कळू नये म्हणून ह्या माणसाने इतके दिवस माझा अबोला सोसला होता. मला भरून आलं.

"हौ, आबासाहेब. पोचलं."

"मग मागितलं तेच मिळालं म्हणायचं?"

"तेच मिळालं."

आई माझा हात धरून शेजारीच उभी होती. तिने हात काढून घेतला. "म्हणजे तुम्ही औरंगाबाद मागितलंत?"

आबासाहेबांसमोर मी काय बोलणार? पुढे औरंगाबादहून तिला सगळं खरं खरं लिहून कळवलं, पुन्हा पुन्हा कळवलं. तिची उत्तरं येत, गुडघ्यांची, भाडेकरूंची. त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नसे. माझ्यावर तिचा विश्वास बसला की नाही, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.