दोन उजेडांची बाई

जालन्यात आमच्या ह्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. लग्न होऊन मी धावड्याहून आले तेव्हा कॅमेरा जवळून पाहिलेला नव्हता. पण दोन वर्षांत त्या खोलीतला उजेड मला ह्यांच्यापेक्षा कमी कळत नव्हता, हे मी आज बिनदिक्कत सांगते. खोली माडीवर होती. उत्तरेच्या अंगाचे पत्रे काढून तिथं काचा बसवल्या होत्या, कारण उत्तरेकडून ऊन आत घुसत नाही, नुसता उजेड येतो. काचांखाली मांजरपाटाचे पडदे होते. बाया फोटोला आल्या की परक्या पुरुषासमोर अवघडून बसायच्या, म्हणून हे मला वर बोलवायचे. मी त्यांचे पदर नीट करायची, पडदे ओढायची, आणि ओढता ओढता बघायची. एक पडदा सरकवला की गालाचं हाड वर येतं, दुसरा सरकवला की तोच चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. हे मला कुणी शिकवलं नाही.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे. जुन्या जालन्यातले कापडाचे एक शेठजी आमच्याकडं आले. मुंबईच्या कुठल्याशा गिरणीची लुगडी ते विकायचे, आणि निजामाच्या मुलखातलं नवं फसली साल लागायच्या आत त्यांना गिऱ्हाइकांना वाटायला क्यालेंडर काढायचं होतं. वर लुगडं नेसलेली बाई, खाली दुकानाचं नाव मराठीत आणि उर्दूत. छपाई मुंबईला होणार होती. त्यांनी जाहिरातींच्या कात्रणांचा एक गठ्ठा ह्यांच्या हातात दिला. "असं पायजे. बिलकुल असं," म्हणाले.

दुपारी आम्ही ती कात्रणं सतरंजीवर पसरली आणि एकेक भिंगाखाली धरली. नाकाखालची सावली बघितली की दिवा कुठं होता ते कळतं. डोळ्यांत बघितलं की दिवे किती होते ते कळतं, कारण बुबुळात प्रत्येक दिव्याचा पांढरा ठिपका उमटतो. एका चित्रात बाई नदीकाठी उभी, मागं चंद्र, आणि तोंडावर मात्र समोरून दिवसासारखा उजेड. दुसऱ्या चित्रात बाई इतकी हसत होती की मी तिचे दात बघितले, कानातलं बघितलं, आणि लुगडं बघायचंच राहून गेलं.

"अहो," मी म्हटलं, "हे लुगडं इकून राह्यले का बाई?"

हे हसले. मग मी त्यांना दाखवलं, की समोरून उजेड टाकल्यानं कापडाची वीण मेली आहे. ताग्यातलं कापड घेताना आपण काय करतो? दारात नेतो, तिरकं धरतो, उजेड आडवा पडला की सूत दिसतं. फोटोतही उजेड आडवाच पडायला हवा. आणि बाईनं कॅमेऱ्याकडं बघायचंच कशाला? ती जिथं बघेल तिथं बघणाऱ्याची नजर जाते. तिनं पदराकडं बघावं, म्हणजे गिऱ्हाईकही पदराकडं बघेल. ह्यांनी एक कात्रण पुन्हा भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "बराबर हाय तुझं."

आता उभी कोण राहणार? शेठजी म्हणाले, गाणाऱ्या बायांपैकी कुणाला बोलवू. ह्यांना ते पटेना, कारण नऊवारी लुगडं रोज नेसून शेतात वाकणाऱ्या बाईच्या अंगावर जसं बसतं तसं इतर कुणाच्या बसत नाही. मी म्हटलं, मी राहते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खालून ओरडल्या, "सून बाजारात टांगता का आता?" त्यांची समजूत घालायला दोन दिवस गेले. शेवटी असं ठरलं की मी तिरकी उभी राहीन, मान खाली, चेहरा अर्धा सावलीत, आणि जसा फोटो निघेल तसाच छापला जाईल. शेठजींनी आमच्या माडीवर उभं राहून सांगितलं, "जबान देतो बाई. एक केस इकडचा तिकडं होणार न्हाई."

फोटो सकाळी आठच्या सुमाराला काढला. डाव्या अंगाचे पडदे उघडे, उजवीकडचे बंद. पदर डोक्यावरून घेऊन मी त्याचं टोक हातावर पसरलं आणि तिकडं बघत राहिले. सावलीच्या बाजूचा काठ काळोखात बुडतो आहे असं मला वाटलं, म्हणून मी ह्यांचं पांढरं धोतर लाकडी चौकटीला बांधून त्या बाजूला उभं करवलं. धोतरावर आपटून उजेड परत आला आणि काठ उघडा झाला. हे काळ्या कापडाखाली शिरले, आतून म्हणाले, "आता हलू नको," आणि मी श्वास धरून उभी राहिले. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा. तशा दोन काचा घेतल्या. एक मुंबईला पाठवायची, एक घरात ठेवायची.

कागदावर फोटो उतरला तेव्हा हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "असा फोटो मी अजून काढलेला न्हाई." खरंच तसा होता. लुगड्याच्या चौकड्याचं एकेक घर मोजता येत होतं. माझा रंग सावळा. आडव्या उजेडात तो पाणी दिलेल्या लोखंडासारखा चमकत होता. पुढं आलेल्या हातावर गोंदण होतं, मनगटावर ठिपक्यांची ओळ आणि वर तुळशीवृंदावन. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आत्याबाईंनी गोंदणारीण घरी बोलावून ते गोंदवलं होतं. मी त्या फोटोकडं कितीतरी वेळ बघत बसले. आपण अशा दिसतो हे ठाऊक नसलेल्या बाईला ते एकदम कळलं म्हणजे काय होतं, ते तिलाच माहीत.

काच मुंबईला गेली. दिवाळीच्या आधी मी आणि आत्याबाई खण घ्यायला जुन्या जालन्यात गेलो. पेठेत गर्दी होती. शेठजींच्या दुकानात गादीच्या मागं भिंतीवर क्यालेंडर लावलं होतं, आणि मी ते बघून उंबऱ्यातच थांबले.

धड माझं होतं. पदर मी धरला होता तसाच धरलेला. पण मान कापून तिथं दुसरंच डोकं बसवलं होतं. गोरंपान, गाल गुलाबी, ओठ लाल, आणि ते डोकं समोर गिऱ्हाइकाकडं बघून हसत होतं. माझ्या हाताला त्या डोक्याच्या रंगाचा लेप दिला होता. गोंदण नाहीसं झालं होतं. हात सोललेल्या दुधीसारखा गुळगुळीत, त्याला ना शीर ना हाड. चौकडा रंगानं भरून टाकला होता, काठाला सोनेरी पट्टी ओढली होती, आणि मागं तळं, हंस, संगमरवरी पायऱ्या. आणि सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे अंगावर उजेड डावीकडून होता आणि तोंडावर उजवीकडून. नाकाची सावली एका बाजूला, खांद्याची दुसऱ्या बाजूला. ज्यानं हे केलं त्याला एवढंही बघावंसं वाटलं नव्हतं.

मी दुकानात शिरले. "शेठजी, ह्या बाईला दोन सूर्य हायेत का?"

ते आधी हसले. "काय म्हणता बाई?"

"अंगावर एक अन् तोंडावर एक. बघा की नीट."

"गिऱ्हाईक सूर्य मोजत न्हाई," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला गोरी बाई लागते. मुंबईच्या लोकांनी सुधारून दिलं. खर्चा किती आला त्यांना, इचारा तुमच्या मालकाला."

"सुधारलं? मंग माझं धड कशाला ठेवलं? तेबी कापायचं होतं. गोरी बाई आणून तिला लुगडं नेसवायचं होतं."

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. आत्याबाई माझ्या मागं उभ्या होत्या. मला वाटलं, आता ह्या मला ओढून बाहेर नेणार, कारण इतके दिवस त्यांना बाजारातल्या बोभाट्याचीच धास्ती होती. पण त्या पुढं झाल्या, गादीजवळ गेल्या, आणि क्यालेंडरावरच्या हाताला बोट लावलं.

"इथलं गोंदण कुठं गेलं?"

"अहो बाई, चित्रात ते बराबर दिसत न्हाई..."

"मी इचारलं कुठं गेलं? माझ्या सुनेच्या हातावर मी उभी राहून काढून घेतलं. तिला तीन दिवस ताप आल्ता. तुम्ही कोण पुसणारे?"

आम्ही खण न घेता परत फिरलो. वाटेत आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "त्याच्या दुकानात पाऊल ठेवायचं न्हाई आता."

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हे पेटून उठतील. हे खाली बघत म्हणाले, "मला ठाऊक होतं."

महिन्यापूर्वीच शेठजी येऊन सांगून गेले होते, की छापखान्याचं म्हणणं आहे, चेहरा बदलावा लागेल. ह्यांनी हो म्हटलं होतं आणि मला बोलले नव्हते.

"लोकांनी तुला वळखू नये म्हणून केलं," ते म्हणाले. "चेहरा दुसरा झाला तर तुझीच लाज राहील, असं वाटलं."

"माझी लाज? मी अर्धी सावलीत उभी राह्यले होते. तेवढं लपणं मला पुरे होतं. ते मी ठरवलं होतं. तुम्ही मला पुसून टाकलं, अन् वर माझ्यासाठी केलं म्हणता?"

त्या दिवशी मी फार बोलले. शेठजी परका माणूस, त्याला कापड विकायचं होतं. ह्यांनी माझ्याबरोबर सतरंजीवर बसून नाकाच्या सावल्या बघितल्या होत्या. असा फोटो काढलेला नाही म्हणाले होते. आणि तोच फोटो कापायला दिला. मला त्या गोऱ्या डोक्याचा जेवढा राग आला त्याच्या दुप्पट ह्यांचा आला, आणि तो खोटा नव्हता.

चार दिवसांनी मी घरात ठेवलेली दुसरी काच काढली आणि मोठा फोटो करा म्हणून ह्यांच्यापुढं ठेवली. काय करणार हे त्यांनी विचारलं नाही. फोटो धुऊन वाळल्यावर मी तो जिन्याच्या तोंडाशी, रस्त्यावरच्या काचेच्या पेटीत लावला, जिथं नमुन्याचे फोटो असायचे.

लोक थांबायला लागले. बाया पेटीला नाक लावून बघायच्या आणि विचारायच्या, हा चौकडा कुठं मिळतो? शेठजींच्या दुकानात, असं मी सांगायची, कारण ते खरं होतं. मग काहीजणी तिथं जाऊन आल्या आणि म्हणायच्या, अगं, हे लुगडं पेटीतल्यासारखं हाय, त्या क्यालेंडरातल्यासारखं न्हाई. तिथं सोनेरी काठ दाखवलाय, गठ्ठ्यात पिवळा निघतो. ही बोलणी शेठजींच्या कानावर गेली असणार. एके दिवशी ते माडी चढून आले, घामाघूम.

"तो फोटो उतरवा. काम माझं होतं, काच माझी."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. हे काय उत्तर देतात ते मला बघायचं होतं.

"काच तुमची असंल तर घेऊन जा," हे म्हणाले. "पण तुम्ही जबान दिल्ती, शेठजी, अन् मीबी गप्प बसलो. ते चुकलं. आता फोटो उतरवणार न्हाई."

"पुढच्या साली दुसऱ्याला काम देईन."

"द्या."

त्यांनी काच नेली आणि पुढच्या साली काम खरंच दुसऱ्याला दिलं. पेटीतला फोटो राहिला. ह्यांच्याशी मी त्या दिवसापासून नीट बोलायला लागले, पण पूर्वीइतकं मोकळं व्हायला आणखी वर्ष लागलं. ह्यांनीही घाई केली नाही.

संक्रांतीला मी माहेरी गेले. जालन्याहून भोकरदन, तिथून पुढं बैलगाडी. धावड्याच्या घरात पाऊल टाकलं आणि ओसरीच्या भिंतीवर तेच क्यालेंडर. थोरला भाऊ सरकी विकायला जालन्याला आला होता, तेव्हा कुणीतरी त्याच्या हातात दिलं होतं.

आई कौतुकानं म्हणाली, "किती देखणी बाई हाय बघ. लक्ष्मीवाणी."

"आई, ती मी हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं, चित्राकडं बघितलं, आणि हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मी उभी राहून पदर तसा धरून दाखवला, मान तिरकी केली. भाऊ म्हणाला, "तू कुठं अशी गोरी?" त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तो दिसलं ते बोलला.

ज्या बाईनं मला जन्म दिला तिला मी त्या कागदावर सापडत नव्हते, आणि सापडत नव्हते म्हणूनच मी तिला देखणी वाटत होते. मी भावाला म्हटलं, "हे उतरव." तो म्हणाला, "अगं, तारखा बघाया लागतात. बाजाराचे दिवस हायेत त्यात." मग मी पाट ओढला, त्यावर चढले, खिळ्यावरून क्यालेंडर काढलं आणि आईच्या शिवणाच्या कात्रीनं चित्र कापून टाकलं. तारखांचा भाग परत खिळ्याला अडकवला. आई ओरडत राहिली, "साबूत चित्र होतं की गं!" त्याच रागात मी चित्राचे तुकडे केले आणि ते चुलीत घातले.