म्हातारीला पायऱ्या चढता येतात का?

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. ते आमच्या क्लासच्या दारातल्या चपलांसारखे असतात. एक जोड आला, दुसरा आला, आणि संध्याकाळी बघावं तर जिन्यापर्यंत पसारा! कुणी नुसतं "काय मॅडम, कसा चाललाय क्लास?" म्हटलं की मी सुरूच होते. मग समोरच्याची एसटी चुकली तरी मला त्याचं काही नाही.

क्लास कोल्हापुरात, राजारामपुरीत, एका मेडिकलच्या दुकानावर. नर्सिंग झालेली पोरंपोरी येतात. सगळ्यांना परदेशात जायचंय, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नोकरीला. त्यांना मी इंग्लिश शिकवते. म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलायचं, त्याच्याबद्दल काय वाचायचं, काय लिहायचं, एवढंच. सलाइन, इंजेक्शन त्यांना झोपेतसुद्धा येतं. पण 'आज कसं वाटतंय तुम्हाला?' हे इंग्लिशमधून विचारा म्हटलं की घाम फुटतो!

त्यात मला एका जागी बसवत नाही. शिकवताना मी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. पोरं म्हणतात, "मॅडम, बसा की जरा, मान दुखाय लागली आमची!"

* * *

वैशाली आजऱ्याची. इथं एका खासगी दवाखान्यात नर्स. नवरा आजऱ्यात काजूच्या कारखान्यात, लहान मुलगी आणि सासूबाईही तिकडंच. शनिवारी ही एसटी धरते आणि सोमवारी सकाळी परत ड्युटीवर.

एकदा चहाचा सराव चालला होता. एकानं नर्स व्हायचं, एकानं रेसिडेंट. केअर होममध्ये राहणाऱ्याला पेशंट म्हणायचं नाही, रेसिडेंट म्हणायचं. संदीप झाला मिस्टर ब्राऊन, त्याच्या माहितीचं कार्ड वैशालीच्या हातात.

"वुड यू लाईक सम टी, मिस्टर ब्राऊन?"

"नो, थँक यू."

आता इथं 'ओके' म्हणून गप्प पुढं जायचं. त्याची मर्जी! पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. पण वैशाली कसली पुढं जातेय?

"हाफ कप?"

"नो, थँक यू."

"असं कसं, मिस्टर ब्राऊन! प्लीज! फर्स्ट टाइम यू कम!"

मी ओरडले, "अगं, तो तिथंच राहतोय!"

"राहू दे की मॅडम. माणूस न्हाय म्हणतंय म्हणून काय तसंच सोडायचं?"

"त्याला डायबेटीस आहे! कार्ड वाच आधी!"

तिनं शांतपणे कार्ड वाचलं, आणि परत त्याच्याकडं वळली. "विदाऊट शुगर, मिस्टर ब्राऊन!"

आणि संदीपनं घेतला की हो! वर मलाच सांगतो, "मॅडम, एवढं म्हणतीया तर..."

* * *

हा संदीप कबनूरचा. राहत्या खोलीला लागून यंत्रमागांची शेड. जन्मल्यापासून कानात खटाक-खटाक. त्यामुळं ह्याचा आवाज असा, की पहिल्या दिवशी त्यानं "गुड मॉर्निंग, मिसेस ब्राऊन!" म्हटल्यावर खालचा मेडिकलवाला धावत वर आला.

"काय झालं मॅडम? कोण पडलं काय?"

मी म्हटलं, "संदीप, अरे बाबा, म्हातारी माणसं दचकतील! सॉफ्ट व्हॉइस. हळू बोल."

त्यानं आवाज उतरवला. मंजुळा मिसेस ब्राऊन होऊन खुर्चीत बसली होती, तिच्यावर वाकला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हाऊ आर यू टुडे?"

मंजुळा खुर्चीसकट मागं सरकली. "मॅडम, मला वाटलं आता हा तोंडावर उशी दाबतोय!"

सगळे हसून लोटपोट. संदीप मात्र गंभीर. "मॅडम, आमच्यात मोठ्यानं बोलत्यात तवर काय काळजी न्हाय. बाबा हळू बोलाय लागलं की आम्ही सगळी घराभाईर पळतोय."

* * *

'वेलबीइंग' हा शब्द आला त्या दिवशी तर नुसता गोंधळ. म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, बरं वाटतंय का, मन लागतंय का, आणि त्याच्या उत्तराला एक ते पाच असा आकडा द्यायचा. पुस्तकात सोपं आहे. पण आमच्याकडचा म्हातारा उत्तर काय देतो? 'चाललंय.'

मंजुळानं हात वर केला. ही गडहिंग्लजच्या पलीकडची, घरात निम्मं कन्नड. "मॅडम, 'चाललंय' म्हणजे किती?"

"तीन," संदीप म्हणाला. "मधलं. बरं बी न्हाय, वाईट बी न्हाय."

"तीन कसं? आमची अज्जी ताप आला तरी 'चाललंय'च म्हणती आणि नातवाचं लगीन ठरलं तरी 'चाललंय'च!"

वैशाली म्हणाली, "ते कसं म्हणत्यात त्याच्यावर हाय. आमच्या आत्ती तोंडाकडं बघून 'चाललंय' म्हणाल्या तर चार. भिंतीकडं बघून म्हणाल्या की एक."

आत्ती म्हणजे तिच्या सासूबाई. मी विचारलं, "आणि सध्या कुठं बघून म्हणतायत?"

"भिंतीकडं," ती म्हणाली आणि पेनचं टोपण चावायला लागली.

* * *

मग तो मार्गारेट आजीचा उतारा. मार्गारेट आजी एकटी राहते, सोबत मांजर. मुलगी त्याच गावात. दर रविवारी फुलं घेऊन येते, मधे एकदा फोन करते. खाली प्रश्न असा, की मुलगी आईच्या वेलबीइंगला कशी मदत करते?

संदीपचं उत्तर तीन शब्दांचं. 'शी डज नॉट!' मंजुळानं लिहिलं, फुलं नकोत, जेवण आण म्हणावं. आणि वैशालीनं? पान भरून त्या पोरीचा उद्धार! शेवटी, 'शी शुड बी अशेम्ड.' त्याच्याखाली दोन रेघा.

माझं डोकंच फिरलं. "न्यायनिवाडा करायला बसलाय का परीक्षेला? उताऱ्यात आहे तेवढं लिहा! फुलं आणते, फोन करते, झालं! मार्क घ्या आणि गप्प बसा!"

"पण मॅडम, त्याच गावात ऱ्हाती ना ती!" संदीप. इतक्या जोरात, की खालून मेडिकलवाल्यानं काठीनं छत ठोकलं.

सगळी हसली. वैशाली हसली नाही. क्लास सुटल्यावर मागं थांबली.

"मॅडम, मी गेलो की मी बी फोनच करणार न्हवं? मग माझ्यात आन् त्या पोरीत फरक काय?"

तिचा एक इंटरव्ह्यू आधीच हुकला होता. त्याच केअर होमनं परत बोलावलं होतं, पण एजंटनं स्पष्ट सांगितलं होतं, हे शेवटचं. नवरा म्हणायचा, "आईला इचार." आणि आत्ती ना हो म्हणायच्या ना नाही. त्यांच्या जिवावर लेक ठेवून जायचं, आणि त्या गप्प! मला विचाराल तर मी दोन दिवसांत भांडून मोकळी झाले असते. ही पोरगी कशी सोसत होती कुणास ठाऊक. मी खिडकी लावली, परत उघडली.

* * *

तिला द्यायला उत्तर नव्हतं म्हणून मी होमवर्क दिला. माझी अक्कल! घरी जा, घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला वेलबीइंगचे प्रश्न मराठीतून विचारा आणि उत्तरं इंग्लिशमध्ये लिहून आणा.

मंजुळानं अज्जीला विचारलं, "बोलायला कोणी आहे का?" अज्जी म्हणाली, "बोलाय रग्गड हाईत. ऐकाय कोण न्हाय." संदीपनं बाबांना विचारलं, "मन कधी उदास होतं?" बाबा म्हणाले, "लाईट गेल्यावर. माग बंद पडला की घरात काय बोलायचं तेच सुचत न्हाय."

आणि रविवारी दुपारी मला वैशालीचा फोन. आवाज रडवेला.

"मॅडम, तुम्हीच बोला आता. मामा आल्यात. सगळे."

झालं होतं असं. शनिवारी संध्याकाळी तिनं आत्तींना समोर बसवून एकेक प्रश्न विचारला. आंघोळ तुमची तुम्ही करता का? रात्री उठावं लागतं का? पायऱ्या चढता येतात का? तिसऱ्या प्रश्नाला आत्तींचं तोंड बंद. सकाळी उठून त्यांनी भावाला फोन लावला, "ही मला कुठंतरी नेऊन ठेवाय बघतीया. माप घ्याय लागलीया माझं!" दुपारपर्यंत सगळे भाऊ वडापची जीप करून दारात हजर! बाहेरच्या सोप्यात टोप्या घालून ओळीनं बसलेले.

फोन स्पीकरवर. थोरले मामा म्हणाले, "बाई, आमच्या भैणीला कुठल्या आश्रमात टाकायलाय तुमी?"

"अहो मामा, कुठला आश्रम? तो अभ्यास आहे! इंग्लिशचा!"

"कसला अब्यास? म्हातारीला पायऱ्या चढता येत्यात का, ह्याचा इंग्लिशशी काय संबंध?"

सांगा आता!

तेवढ्यात तिकडं काहीतरी धडधडलं. वैशाली किंचाळली, "आत्ती, अवो उतरा!" मला इकडं काही दिसेना. मी फोन घेऊन घरभर फिरतेय नुसती! मग कळलं, पाहुणे आले म्हणजे मटण आलं, मटण आलं म्हणजे मोठं पातेलं आलं. आणि पातेलं होतं माळ्यावर. कुणाला काही न बोलता आत्ती शिडी चढून वर, आणि पातेलं कडेवर घेऊन खाली!

फोनमधून त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "चढलो न्हवं? बघितलंस? आता लिही!"

वैशालीनं लिहिलं. मी त्या होमवर्कला पैकीच्या पैकी मार्क दिले. मामा मंडळी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून संध्याकाळी परत गेली. वैशालीनं परदेशात जायचं की नाही, ह्यावर आत्ती तरीही काही बोलल्या नव्हत्या.

* * *

इंटरव्ह्यू माझ्याच क्लासमध्ये, लॅपटॉपवर, दुपारचा. नेमकी त्याच दिवशी आत्तींची डोळ्यांची तपासणी कोल्हापुरात. तपासून झालं आणि वैशाली त्यांना घेऊनच वर आली. दुसरं करणार काय?

मी त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं. "आत्ती, एक शब्द बोलायचा नाही बरं का!"

"मला कुठलं येतंय इंग्लिश?" आत्ती म्हणाल्या आणि भिंतीकडं बघत बसल्या.

पडद्यावर बाई आली. आखूड पांढरे केस, चष्मा, त्या होमची मॅनेजर. रेसिडेंट पडला तर काय करशील? जेवत नसेल तर? औषध नको म्हणाला तर? वैशाली एकेक उत्तर देत गेली, खणखणीत. मी लॅपटॉपच्या मागं येरझाऱ्या घालत होते. संदीपनं हाताला धरून मला खाली बसवलं, मी परत उठले.

आणि मग बाईनं विचारलं, "तुम्ही इकडं आलात, तर तुमच्या घरच्यांना कोण सांभाळणार?"

ह्याचं उत्तर आम्ही घोटून घेतलं होतं. 'माय फॅमिली सपोर्ट्स मी.' मी मागून ओठ हलवून हलवून सांगतेय, माय फॅमिली, माय फॅमिली! ती माझ्याकडं बघेचना. ती मान वळवून शेवटच्या बाकाकडं बघत होती.

"आत्ती, ह्या बाई इचारत्यात, मी गेल्यावर घरचं कोण बघणार?"

मी कपाळाला हात लावला. संपलं! शेवटची संधी होती, गेली!

आत्ती उठल्या. पदर सारखा केला. सावकाश येऊन लॅपटॉपसमोर उभ्या राहिल्या आणि त्या बाईला निरखून बघितलं.

"तिला आदी इचार, तिची आई कोण बघतंय?"

"आत्ती, असं इचारत न्हाईत हो..."

"का? तिनं न्हवं इचारलं?"

पडद्यावरची बाई म्हणाली, "व्हॉट इज शी सेइंग?"

वैशाली पडद्याकडं वळली. "शी इज माय मदर-इन-लॉ. शी इज आस्किंग, हू लुक्स आफ्टर युवर मदर?"

बाईनं चष्मा काढला, पुसला, हातातच ठेवला. मग बोट वर केलं आणि हळू हळू सांगायला लागली. वैशाली ऐकत होती आणि आत्तींना सांगत होती.

"त्यांची आई तिथंच असती, आत्ती. त्याच होममध्ये, वरच्या मजल्यावर. ह्या दिवसभर खाली हापिसात. वरती पोरीच बघत्यात त्यांच्या आईला."

आत्ती पडद्याकडं बघत राहिल्या. माझ्या येरझाऱ्या थांबल्या.

मग आत्ती वळल्या आणि वैशालीच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "मग नाव इचारून घे म्हातारीचं. गेल्यावर हाक काय म्हणून मारशील?"