डास, नवरा आणि बाकीचे प्रश्न

मी आणि सुनंदाताई पिंपरीपासून चाकणपर्यंत कॉलेजं आणि कंपनीतल्या मुलींची होस्टेलं फिरतो. एचआयव्ही, कंडोम, लैंगिक आजार यांवर बोलतो. उरलेले दिवस तपासणी केंद्रात समुपदेशनाला बसतो. लोकांना वाटतं, फार गंभीर काम. असतंच. पण परतीच्या बसमध्ये एकमेकींना सांगायला रोज काहीतरी साठलेलं असतं. नावं तेवढी आम्ही गाळतो.

सांगवीतल्या एका कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, "विषय चांगलाय मॅडम. फक्त ते शब्द नकोत."

"कोणते, सर?" ताईंनी विचारलं.

"तेच ते."

"एकदा सांगून ठेवा ना, म्हणजे नेमके तेवढे टाळते."

सर पाणी प्यायले. "तुम्ही सुरू करा," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. त्या दिवशी सगळे शब्द वापरून झाले.

चाकणच्या एका मावशींनी वरच्या खोल्या कंपनीतल्या मुलींना भाड्यानं दिल्यात. सेशन त्यांच्याच अंगणात. कंडोम कसा वापरायचा ते ताई दाखवत होत्या आणि मुली माना खाली घालून बसलेल्या. मावशी मात्र पुढे सरकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आमच्या येळला ह्ये कुणी दावलंच न्हाई. न्हाईतर घरात एवढी गर्दी झाली नसती."

मुली हसल्या, आणि मग प्रश्न सुरू झाले.

"डास चावल्यानं एचआयव्ही होतो का?" एकीनं विचारलं.

"नाही."

"एका ताटात जेवल्यानं?"

"नाही."

"आणि नवऱ्याकडून?"

"त्याला असेल आणि काळजी घेतली नाही, तर होऊ शकतो."

"मग आई मला डासांचंच का सांगत होती?"

त्याच मुलींमधली एक, तिला प्रीती म्हणू. लातूरकडची. लग्न ठरलेलं, मुलगा भोसरीत कामाला. तिनं त्याला म्हटलं, पत्रिका बघून झाली, आता दोघांनी रक्त तपासून घेऊ. तो चिडला. "माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे म्हणून तर तुम्हालाच विचारतेय," ती म्हणाली.

तिनं स्वतःची तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. पुढे काही दिवसांनी तो एकटाच केंद्रात आला. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी त्याला औषधोपचार समजावले. गोळ्या नियमित घेतल्या की माणूस चांगला जगतो, लग्नही करू शकतो, सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. उठताना एवढंच म्हणाला, "तिला मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले. खिडकीतून मला त्याची वाकलेली पाठ दिसत होती. मग प्रीती एकटीच आत आली. ती रडेल म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"मॅडम, गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या का नंतर? काल त्यांना तुम्हाला विचारायचं सुचलं नाही."